कारागिराच्या खोलीत चाळीस मिनिटं

घड्याळांविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं सेल किती दिवस टिकतो आणि काच कुठे बदलून मिळेल याबद्दलची होती. त्यांना मी पोस्टानं उत्तरं धाडली आहेत. इथे तीनच पत्रं घेतो. पहिल्याचं उत्तर लांबणार आहे, आणि ते लांबू द्यावं असं मला वाटतं.

प्रश्न : मी निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं मुलीकडे स्वित्झर्लंडला, लोझानला, सहा आठवडे राहायला जाणार आहोत. घड्याळांचं वेड मला लहानपणापासून. मोठ्या कंपन्यांचे कारखाने पाहण्याची हौस नाही. पण तिथे काही माणसं आपल्या घरातच, आपल्या हातानं, अख्खं घड्याळ बनवतात असं वाचलं आहे. असा एक तरी माणूस काम करताना पाहावा अशी फार इच्छा आहे. जावई म्हणतात, घड्याळ विकत घेणार नसाल तर ते दारात उभं करणार नाहीत. तसलं घड्याळ घेण्याची आमची ऐपत नाही. तरी जाता येईल का? माणूस शोधायचा कसा, त्याला विचारायचं काय आणि जाताना न्यायचं काय?
एक वाचक, सातारा

उत्तर : सर, जाता येईल. मी गेलो आहे, आणि माझ्याही खिशात घड्याळ घेण्याएवढे पैसे नव्हते. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये पुतण्याकडे लोझानलाच उतरलो होतो. त्यामुळे तुम्हाला ऐकीव काही सांगत नाही.

आधी जावईबापूंच्या शंकेचं. विकत घेणार असल्याचा आव आणून कोणी गेलं तर त्या माणसाला ते दोन मिनिटांत कळतं आणि मग त्याचं मन मिटतं. मी पत्रात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की मी भारतातल्या मिरजेचा घड्याळ दुरुस्त करणारा आहे, माझे वडीलही हेच करत, घड्याळ घेण्याची माझी परिस्थिती नाही, फक्त हात पाहायचे आहेत. पुतण्यानं त्याचं फ्रेंच केलं. दोन महिने आधी चार जणांना पत्रं गेली. दोघांचं उत्तर आलं नाही. एकानं नम्रपणे नाही म्हटलं. चौथ्यानं कळवलं की गुरुवारी दुपारी चार वाजता या, दोघांहून जास्त नको, चाळीस मिनिटं. तुम्ही शिक्षक आहात, तेच लिहा. माझा अनुभव असा की मान्य करून टाकलेल्या गोष्टीला तिथली माणसं फार मानतात.

शोधायचं कसं, यासाठी थोडं मागे जावं लागेल. 1969 च्या डिसेंबरात, नाताळच्या दिवशी, जपानमध्ये सेइकोनं क्वार्ट्झचं, म्हणजे सेलवर चालणारं, पहिलं मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडच्या घड्याळ धंद्यातली सुमारे 90,000 माणसं घटून तिसऱ्या हिश्श्यावर आली. आमच्या मिरजेतही त्याची झळ पोहोचली. वडिलांच्या टेबलावर हेअरस्प्रिंगच्या, म्हणजे घड्याळाची चाल सांभाळणाऱ्या केसाएवढ्या स्प्रिंगच्या, पुड्या तशाच पडून राहू लागल्या आणि गिऱ्हाईक फक्त सेल बदलायला येऊ लागलं. तिथे कारखाने बंद पडत असताना काही हट्टी कारागिरांनी ठरवलं की आपण एकेकट्यानं चावीची घड्याळं बनवत राहायचं. स्वेन्ड अँडरसन आणि व्हिन्सेंट कालाब्रेसे या दोघांनी 1985 साली अशा स्वतंत्र घड्याळ-निर्मात्यांची एक अकादमी काढली. ए.एच.सी.आय. या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. तिच्या सभासदांची यादी उघड असते. मुलीला ती शोधायला सांगा आणि लोझानपासून जाऊन-येऊन एका दिवसात होतील अशी नावं काढा.

त्या यादीतलं सर्वांत मोठं नाव धरून बसू नका एवढी विनंती. वाले द जू या खोऱ्यातले फिलिप द्युफूर माझ्यासारख्यांना देवासारखे. आपोआप तासाचे आणि पाव तासाचे टोल देणारं यंत्र त्यांनी 1992 साली मनगटी घड्याळात बसवलं. मग 2000 साली ‘सिम्प्लिसिटी’ नावाचं अगदी साधं, तीन काट्यांचं घड्याळ काढलं. ल सोलिया गावातल्या जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांची कार्यशाळा आहे. शाळा म्हटल्यावर तुमचा जीव ओढला जाईल हे मला माहीत आहे! पण 1948 साली जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला जगभरातून किती पाहुणे येत असतील याचा विचार करा. मी त्या इमारतीवरून चालत गेलो, बाहेरूनच हात जोडले आणि पुढे गेलो. ज्याचं नाव अजून फारसं झालेलं नाही, जो चाळिशीत आहे, जोडीला एखादा शिकाऊ घेऊन काम करतो, त्याला पत्र लिहा. त्याच्याकडे वेळही थोडा जास्त असतो आणि सांगायची ओढही.

मी ज्यांच्याकडे गेलो त्यांचं नाव इथे देत नाही. त्यांनीच तसं सांगितलं होतं.

लोझानहून रेल्वेनं त्या खोऱ्यात जाता येतं. सकाळीच निघा आणि आधी ल सांतिए गावातलं ‘एस्पास ओर्लोजे’ हे घड्याळांचं संग्रहालय पाहून घ्या. पार्ट कसे दिसतात, कोणत्या पार्टाचं काम काय, हे तिथे नीट कळतं. मग कारागिराची चाळीस मिनिटं ‘हे काय आणि ते काय’ यात जात नाहीत. एक दिवस मोकळा असेल तर ला शो-द-फों इथलं आंतरराष्ट्रीय घड्याळ संग्रहालयही पाहा. ते गाव 1794 च्या आगीत जळालं आणि नंतर सरळ, समांतर रस्त्यांवर पुन्हा उभं राहिलं. घरांच्या रांगांमध्ये अंतर असं ठेवलं की कामाच्या टेबलावर उजेड यावा. गावाची बांधणीच घड्याळकामाला धरून झाली, म्हणून 2009 साली शेजारच्या ल लोक्लसह ते जागतिक वारशाच्या यादीत आलं.

वाले द जू हजार मीटर उंचीवर आहे. हिवाळा लांब, आणि कडाक्याचा असला की तिथलं तळं गोठतं, माणसं त्यावरून घसरत खेळतात. पूर्वी बर्फात अडकलेले शेतकरी हिवाळाभर घरात बसून घड्याळाचे पार्ट करत. जुन्या घरांना अजून ती ओळीनं लावलेल्या खिडक्यांची रांग दिसते. मी तिच्याकडे बराच वेळ पाहत उभा होतो. आमच्याकडे पेरणी आणि काढणीच्या मधल्या दिवसांत जसे दोर वळले जात, तशी तिथे चाकं कापली जात होती.

तुमची सहल सप्टेंबरमध्ये आहे हे बरंच झालं. जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथला घड्याळ धंदा जवळजवळ सगळाच सुट्टीवर असतो.

आता खोलीत. दारातच ‘बोंजूर’ म्हणा, हात मिळवा आणि कुठे उभं राहायचं ते ते सांगतील तोवर थांबा. खिडकी आणि टेबल यांच्या मध्ये उभे राहू नका. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. वडिलांच्या उजेडात उभं राहिलं की पाठीत धपाटा मिळे. अंगात लोकरीचा स्वेटर असेल तर बाहेर काढून ठेवा, त्याचे तंतू उडतात. त्यांनी मला पांढरा कोट दिला.

टेबल पाहून मला पहिला धक्का बसला. ते छातीइतकं उंच असतं. माणूस ताठ बसतो, कोपर टेबलावर टेकतात आणि काम आपणहून डोळ्यांजवळ येतं. माझे वडील चाळीस वर्षं बैठ्या टेबलावर वाकून बसले. म्हातारपणी त्यांची मान सरळ होत नव्हती. मिरजेला परतल्यावर मी पहिली गोष्ट केली ती सुताराला बोलावून टेबलाचे पाय वाढवून घेतले.

खोलीत नेमकी भोकं पाडणारं एक जुनं जिग-बोरिंग मशीन, दोन लहान लेथ आणि एका बरणीत वाळक्या काड्या होत्या. काड्या कसल्या म्हणून विचारलं. तिथल्या कुरणांत पिवळ्या फुलांचं जेन्शियन उगवतं. त्याच्या मुळांपासून कडू दारू गाळतात आणि वाळलेला दांडा घड्याळजी घेऊन जातात. त्या दांड्याचा गाभा मऊ पण पिळदार असतो. तो हवा तसा तासायचा, त्याला पॉलिशचा लेप लावायचा आणि पट्टीची तिरकी कड घासायची. हिऱ्याची पूड आणि यंत्रं असलेल्या देशात शेवटचा हात एका रानझाडाच्या काडीचा असतो, हे पाहून मला फार बरं वाटलं.

तिरकी कड म्हणजे काय ते सांगतो, कारण तुम्ही पाहायचं ते हेच. घड्याळातली चाकं ज्या पट्ट्यांखाली फिरतात त्यांना ब्रिज म्हणतात. ब्रिजची धार मारून तिथे पंचेचाळीस अंशांच्या आसपास उतार काढतात आणि तो आरशासारखा चमकवतात. बाहेरच्या वळणावर हे काम फिरत्या चाकावरही होतं. पण जिथे दोन कडा आत, खाचेत मिळतात तिथे फिरणारं कोणतंही हत्यार कोपरा गोल करून टाकतं. ती आतली रेघ टोकापर्यंत टोकदार न्यायची तर हातात कानस आणि नंतर काडी, दुसरा उपाय नाही. भिंगातून ब्रिजच्या आतल्या कोपऱ्याकडे पाहा. काम हातचं की यंत्राचं, ते तिथे समजतं.

दुसरं, पोलाद. लहान पोलादी पार्ट ते कथलाच्या सपाट पाटावर घासतात. ॲल्युमिनाची मैद्याहून बारीक पूड तेलात कालवून पाटावर लावलेली असते. बोटाचा दाब जरा कमी-जास्त झाला की गेलं. नीट जमलं तर तो पार्ट एका कोनातून पांढरा लख्ख दिसतो आणि जरा कलता केला की कोळशासारखा काळा. त्यांनी तो माझ्या डोळ्यांसमोर कलता केला. मी पंचावन्न वर्षं घड्याळं उघडतो आहे, एवढा काळा रंग धातूत कधी पाहिला नव्हता.

विचारायचं काय? ‘सगळं तुम्हीच बनवता का’ हे विचारू नका. तुमच्या पत्रात ‘अख्खं घड्याळ’ असं आहे, म्हणून हे सांगतो. असा माणूस विरळा. चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते खडे, मुख्य स्प्रिंग, काच, पट्टा हे बहुतेक सगळे बाहेरून घेतात, आणि हेअरस्प्रिंग तर हटकून बाहेरची. तिचा मिश्रधातू हेच एक मोठं शास्त्र आहे. थंडी-उन्हानं ताण न बदलणारा धातू ज्यांनी शोधला ते शार्ल-एदुआर गियोम तिथल्याच फ्लरिए गावच्या घड्याळजीचे चिरंजीव. त्यांना 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांना शिकवताना तुम्हाला ही गोष्ट नक्की आवडली असती. एका माणसानं जवळजवळ सगळं स्वतः करण्याचा दाखला हवा तर तो इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या जॉर्ज डॅनियल्स यांचा. ते 2011 साली गेले. त्यांचं काम रॉजर स्मिथ त्याच बेटावर पुढे चालवतात. पण बाहेरची हेअरस्प्रिंग वापरली म्हणून कोणी कमी ठरत नाही. आमच्या मिरजेचा सतारमेकर तार स्वतः ओढतो का? भोपळा स्वतः पिकवतो का?

किंमतही लगेच विचारू नका. विचारा, ‘सगळ्यात जास्त वेळ कशाला जातो?’ आणि मग विचारा, ‘नापास झालेले पार्ट कुठे ठेवता?’

हा दुसरा प्रश्न मला मिरजेनं शिकवला. आमचं दुकान सतारमेकरांच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार. पूर्वी तलवारी करत, गेल्याच्या गेल्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवू लागले. तंबोऱ्याची घोडी तुम्ही पाहिली असेल, तारा जिच्यावरून जातात ती. तिचा माथा इतका अलगद वक्र घासायचा की तार टेकते आहे आणि टेकत नाही अशी राहावी. तेव्हा तंबोरा झणकारतो. याला जवारी काढणं म्हणतात. कानशीचा एक हात जास्त पडला की जवारी गेली. जवारी फसलेल्या घोड्यांचा ढीग प्रत्येक कारागिराच्या पायाशी असतो. लहानपणी मी तिथे बसत असे. तयार वाद्य पाहून मला काही कळलं नाही, त्या ढिगातल्या घोड्या एकापाठोपाठ एक हातात घेऊन कळलं.

तर मी विचारलं. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि खालच्या खणातून खोकल्याच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत तीसेक ब्रिज होते, सगळे जर्मन सिल्व्हरचे, सगळे लखलखीत. त्यांनी एक, नखाएवढा, माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, हा का नापास? मी डोळ्याला भिंग लावलं. वर पाहिलं, पालथा घालून पाहिलं. मला दिसलं नाही. पुतण्या घड्याळाकडे पाहू लागला, चाळीस मिनिटं संपत आली होती. ते काही बोलले नाहीत, मलाही सांगा म्हणवलं नाही.

जाताना न्यायचं काय, हे तुम्ही विचारलं आहे. मिठाई चालेल, पण ती त्या खोलीत उघडू नका. मी एक वेगळी वस्तू नेली होती. शेजारच्या सतारमेकरांकडून एक फसलेली लाकडी घोडी मागून घेतली होती, आणि फोनमध्ये तंबोऱ्याचा दोन मिनिटांचा आवाज. जवारी लागलेला तंबोरा आणि न लागलेला, दोन्ही. त्यांनी आवाज तीनदा ऐकला. घोडी मायक्रोस्कोपखाली धरली, कडेवरून प्रकाश टाकून वक्र पाहिला आणि बोटानं बरोबर ती जागा दाखवली जिथे कानस जास्त चालली होती. भाषा एकमेकांची येत नव्हती, पुतण्याला मध्ये पडावंच लागलं नाही. घोडी त्यांनी ठेवून घेतली. बदल्यात तो नखाएवढा ब्रिज कागदाच्या पुडीत घालून मला दिला. चाळीसची पंच्याहत्तर मिनिटं झाली होती.

सर, तुमच्याकडे घोडी नसेल. पण साताऱ्यात हातानं काही घडवणारं कोणी तरी तुमच्या ओळखीचं असेलच. त्याच्याकडची एखादी बिघडलेली वस्तू न्या.

एक चूक माझ्याकडून झाली ती सांगतो. टेबलावर काचेच्या झाकणाखाली एक अर्धवट जोडलेलं घड्याळ होतं. मी न विचारता त्याचा फोटो काढला. त्यांचा चेहरा बदलला. ते घड्याळ कोणा गिऱ्हाइकाचं होतं, तो माणूस चार वर्षं वाट पाहत होता, आणि त्यानं स्वतः पाहण्याआधी ते दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये जावं हे त्यांना मंजूर नव्हतं. मी फोटो त्यांच्यासमोर पुसून टाकला. त्यांनी लगेच विषय बदलला, पण मला अजून त्याची बोचणी आहे. मी स्वतः घड्याळजी, गिऱ्हाइकाची वस्तू म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं. तुम्ही फोन पुतणीकडे, मुलीकडे, कोणाकडे तरी देऊन टाका आणि मोकळ्या हातानं आत जा.

आणि निघायची वेळ त्यांनी नाही, तुम्ही सांभाळा. मी गेलो ते कारागीर आणि त्यांचा मदतनीस, दोघं मिळून वर्षाला नऊ-दहा घड्याळं करतात. तुमच्यासाठी त्यांनी ठेवलेला तास कुठल्या तरी घड्याळातून काढून दिलेला असतो.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं एच.एम.टी. जनता घड्याळ आहे. ते बंद पडलं आहे. मुलगा जिनिव्हाला नोकरीला आहे. तो म्हणतो, आजोबांचं घड्याळ तिथल्या एखाद्या नामांकित कारागिराकडून दुरुस्त करून आणतो. सासरे आता नाहीत, त्यामुळे घड्याळ पाठवायला मन धजत नाही. काय करावं?
एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ताई, पाठवू नका. मुलाची भावना फार चांगली आहे, त्याला तसं सांगा. पण तिथल्या कारागिराकडे जनताचे पार्ट नसतात आणि त्याचा एक दिवस फार महाग. हे काम आपल्याकडच्या माणसाच्या हातातलं आहे. एच.एम.टी.नं जपानच्या सिटिझनच्या मदतीनं 1961 साली बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि 2016 साली घड्याळांचा कारखाना बंद झाला. म्हणजे नवे पार्ट आता येत नाहीत. पण घड्याळं इतकी खपली की दुसऱ्या जनतामधून पार्ट काढून बसवता येतो. 17 खड्यांचं, चावीचं, तासाला 18,000 ठोके देणारं हे यंत्र फार सोशिक आहे.

तुम्ही कोकणात आहात म्हणून माझा पहिला संशय चावीच्या दांड्यावर. खारी हवा मुकुटाखालून, म्हणजे चावी द्यायच्या बोंडाखालून, आत शिरते आणि आधी तो गंजतो. जबरदस्तीनं चावी देऊ नका. मोडलेला दांडा आत अडकला की काम वाढतं. ज्याच्याकडे द्याल त्याच्याकडे दोन गोष्टी कबूल करून घ्या. काढलेला प्रत्येक जुना पार्ट पुडीत घालून परत द्यायचा, आणि तबकडी रंगवायची नाही. तबकडी पिवळी पडली असली तरी तशीच राहू द्या. सासऱ्यांनी रोज सकाळी पाहिली ती हीच तबकडी. बाजारात नव्या कोऱ्या रंगाची जी ‘जुनी’ जनता मिळते ती बहुतेक वेळा चार घड्याळांची मोडतोड करून जुळवलेली असते.

मुलाला काही करायचंच असेल तर सुट्टीला आल्यावर तुमच्यासोबत दुकानात बसू दे. घड्याळ उघडताना त्यानं ते पाहावं.

प्रश्न : काका, मी एकोणीस वर्षांची आहे. बारावीनंतर आय.टी.आय. करते आहे. वडिलांचं यंत्रमागाचं काम आहे, त्यामुळे हत्यारांची भीती वाटत नाही. मला घड्याळ दुरुस्ती आणि पुढे जमलं तर घड्याळ बनवणं शिकायचं आहे. घरचे म्हणतात, हे मुलींचं काम नाही आणि आता हा धंदाही उरला नाही. परदेशात याच्या शाळा आहेत का? ठरवण्याआधी एखादी कार्यशाळा पाहता येईल का?
एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

घरच्यांना सांग की स्वित्झर्लंडच्या घड्याळ धंद्यात हेअरस्प्रिंग बसवून घड्याळाची चाल नेमकी करण्याचं काम पिढ्यान् पिढ्या बायकांनी केलं. केसाएवढी ती स्प्रिंग, तिची वेटोळी एकमेकांना न शिवता श्वासासारखी उघडली-मिटली पाहिजेत. घड्याळातलं सगळ्यात नाजूक काम तेच. त्या कामाच्या बाईला तिथे वेगळं नाव होतं, रेग्लूझ. तेव्हा हे मुलींचं काम नाही असं कोणी म्हटलं तर त्यांना घड्याळ माहीत नाही एवढंच.

धंद्याबद्दल खोटी आशा देणार नाही. मिरजेत माझ्या वडिलांच्या वेळी जेवढे घड्याळजी होते तेवढे आज नाहीत. पण चावीची घड्याळं पुन्हा घालणारी माणसं वाढली आहेत आणि ती दुरुस्त करणारे हात म्हातारे झाले आहेत. माझ्याकडे पुण्याहून, बेळगावहून घड्याळं येतात, आणि काही मी परत पाठवतो, कारण वेळ पुरत नाही. परदेशात शाळा आहेत. नूशातेलची वॉस्टेप 1966 पासून आहे, ल सांतिएला तांत्रिक विद्यालय आहे. त्यांचा खर्च मोठा आहे आणि आधी बोटं तयार आहेत का हे कळल्याशिवाय तो विचार करू नकोस.

बोटं तयार करायला एक बंद पडलेली जनता विकत घे. एक चांगला चिमटा, एक भिंग, स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि पांढरा कागद. घड्याळ उघड, प्रत्येक पायरीला चित्र काढ. फोटो नको, चित्रच काढ, म्हणजे नीट पाहिलं जातं. सगळं सुटं कर आणि पुन्हा जोड. पहिल्यांदा स्क्रू उडतील. जमिनीवर जुनं पांढरं धोतर अंथरून बस, आमच्या दुकानात अजून तेच अंथरतो. दहा वेळा सुटं करून दहा वेळा जोडलंस आणि दहाव्यांदा चाललं, की मला लिही.

आणि कार्यशाळा पाहायला एवढं लांब कशाला जातेस? इचलकरंजी-मिरज तासाभराची एस.टी. गुरुवार सोडून कधीही ये, आईला किंवा वडिलांना सोबत आण. वरच्या उत्तरात मी ज्या नापास ब्रिजबद्दल लिहिलं तो माझ्या खणात आहे. मला त्याचा दोष त्या खोलीत दिसला नाही, लोझानला दिसला नाही, विमानात वाचायच्या दिव्याखाली दिसला नाही. पाच महिन्यांनी, फाल्गुनात, सकाळी आठच्या सुमाराला पूर्वेच्या खिडकीतून ऊन टेबलावर तिरकं आलं तेव्हा दिसला. तो काय आहे ते मी मुद्दामच इथे लिहिलेलं नाही. तू आलीस की उंच टेबलाशी तुला बसवीन, भिंग देईन आणि ब्रिज तुझ्या तळहातावर ठेवीन. साताऱ्याचे सर आले तर त्यांनाही. लवकर ये, ते ऊन नवाच्या आत खिडकीवरून सरकतं.